साइन ऑन ते साइन ऑफ

१ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीला पोहोचली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे जीआयपीच्या, इंजिनिअरांची ती मोठीच कर्तबगारी होती, आणि तिच्यावर पुष्कळ लिहिलंही गेलं आहे. त्या गाडीबरोबर नाशिक जिल्ह्यात एक नवी वसाहत आली, तिच्याबद्दल मात्र कमी लिहिलं गेलं. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड अशा या लोकांचं दिवसरात्रीचं गणित गाडीच्या वेळेवर चाले. सूर्य उगवला की कामाला आणि मावळला की घरी, या हजारो वर्षांच्या रिवाजातून ही माणसं एकदम बाहेर पडली.

थळ घाटाची चढण ३७ फुटांमागे १ फूट. एका इंजिनाला एवढा भार पेलत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून जोर लावणारी बँकर इंजिनं जोडायची आणि इगतपुरीला सोडायची. १९३०मध्ये विजेची इंजिनं इगतपुरीपर्यंत आली. पुढे वाफच होती. त्यामुळे इगतपुरीला इंजिनही बदले आणि माणसंही बदलत. गाडी घेऊन आलेले रनिंग रूममध्ये आडवे व्हायचे आणि ज्यांची पाळी लागे त्यांना उठवायला कॉलबॉय जायचा. पावसात कंदील आणि कॉल बुक घेऊन हा पोऱ्या रेल्वे चाळीतून फिरे, ड्रायव्हरच्या दारावर थाप मारी आणि वहीत सही घेई. सही झाली की घड्याळ सुरू झालं. मालगाडी किती वाजता सुटेल, वाटेत कुठल्या लूप लाइनवर किती तास पडेल आणि मनमाडला किंवा भुसावळला कधी पोहोचेल, हे त्या सहीच्या वेळी कोणालाच ठाऊक नसे. साइन ऑनची वेळ पक्की असायची. साइन ऑफची वेळ नशिबावर.

थकलेल्या माणसाच्या हाती शेकडो जीव द्यावेत का, हा प्रश्न आज विमानांच्या संदर्भात विचारला जातो आणि तो जणू कालपरवाचा असल्यासारखा त्याच्यावर वाद होतो. मला वाटतं, तो या घाटातून वर आला आणि इथल्याच लोहमार्गावर त्याची पहिली उत्तरं शोधली गेली. ती उत्तरं शोधणाऱ्यांत मराठी माणसं होती, आणि त्यातल्या एकाने तर रेल्वे आणि विमान या दोन्हींच्या फायली हाताळल्या.

आठवड्याची सुट्टी ही आपल्याकडे मागून मिळालेली गोष्ट आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून ती मिळवली, १० जून १८९० रोजी. गिरणीला कुलूप लावता येतं; रेल्वेला लावता येत नाही. म्हणून गिरणीतल्या माणसाला रविवार मिळाल्यावरही रेल्वेतल्या माणसाचा आठवडा बिनरविवारचाच राहिला. मे १८९९मध्ये जीआयपीच्या सिग्नलरांनी, म्हणजे तारबाबूंनी, पगार आणि कामाच्या अटींसाठी संप केला. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने तो महिनोन्महिने उचलून धरला, फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा यांच्यासारख्यांनी मदतनिधी गोळा केला. संप मोडला. पण रेल्वेतल्या माणसाच्या कामाच्या अटी हा देशाच्या राजकारणाचा विषय आहे, ही गोष्ट त्यातून ठरली.

कायद्याने हालचाल केली ती आणखी ३० वर्षांनी. १९१९मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने जगासाठी आठवड्याचे ४८ तास ठरवले आणि हिंदुस्थानसाठी ६०. त्याला धरून १९३०मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली, १९३१मध्ये कामाच्या तासांचे नियम आले, आणि त्या नियमांतून रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्या ड्रायव्हर-गार्डांना, वगळण्यात आलं. स्टेशनातल्या कारकुनाचे तास मोजले गेले. त्याच स्टेशनातून रात्री दोन वाजता गाडी घाटात उतरवणाऱ्या ड्रायव्हरचे मोजले गेले नाहीत. कारण साधं होतं. गाडी कधी पोहोचेल ते सांगता येत नाही, मग माणसाचे तास कसे बांधायचे? हे वाक्य पुढच्या नव्वद वर्षांत वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकू येणार होतं.

१९४६मध्ये ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन संपाच्या तयारीत असताना सरकारने वाद लवादाकडे सोपवला. लवाद म्हणून नेमणूक झाली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांची. १९४७मध्ये त्यांनी निवाडा दिला. आज तो कोणी वाचत नाही, पण रेल्वेतल्या कामाच्या तासांचा पाया तोच आहे. राजाध्यक्षांनी कामाची प्रतवारी केली. ज्या कामात क्षणभरही मन हलवता येत नाही, ते ‘इंटेन्सिव्ह’: आठवड्याला ४५ तास. अखंड चालणारं काम ‘कंटिन्युअस’: ५४ तास. ज्यात मध्ये मध्ये निवांत वेळ मिळतो, ते काम ७५ तास. आधीच्या नियमांत अखंड कामाला ६० आणि तुटक कामाला ८४ तास होते, म्हणजे हा मोठाच बदल. सर्वांत महत्त्वाचं, रनिंग स्टाफ आता नियमांच्या आत आला.

प्रतवारीमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. तासाला तास सारखा नसतो, हे एका न्यायाधीशाने सरकारी निवाड्यात मांडलं. वर्दळीच्या मार्गाच्या सेक्शन कंट्रोलरने घालवलेला एक तास आणि दिवसातून चार गाड्या जाणाऱ्या फाटकावर गेटमनने घालवलेला एक तास घड्याळात सारखे दिसतात. शरीराला आणि मनाला ते सारखे पडत नाहीत. मात्र दुपारी दोनचा तास आणि पहाटे दोनचा तास हेही सारखे नसतात, ही गोष्ट त्या प्रतवारीत नव्हती. त्या काळात ते मोजण्याचं शास्त्रच हाताशी नव्हतं. ती उणीव पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

निवाड्यानंतर तीन वर्षांनी, १९५०मध्ये, राजाध्यक्षांकडे दुसरं काम आलं: एअर ट्रान्सपोर्ट इन्क्वायरी कमिटीचं अध्यक्षपद. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याची शिल्लक डकोटा विमानं स्वस्तात मिळू लागली होती, ती घेऊन देशात एकामागून एक विमान कंपन्या उभ्या राहिल्या, आणि बहुतेक तोट्यात चालल्या होत्या. राजाध्यक्ष समितीने कंपन्यांची संख्या कमी करा असं सांगितलं आणि राष्ट्रीयीकरण तूर्त थांबवावं असं सुचवलं. सरकारने ते ऐकलं नाही. १ ऑगस्ट १९५३ रोजी विमान कंपन्या सरकारजमा झाल्या. समितीचा विषय पैशाचा होता. पण ती काम करत होती त्याच काळात नागपूरच्या आकाशात दर रात्री एक वेगळाच प्रयोग चालला होता.

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांची ही कल्पना. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि चारही विमानं देशाच्या मधोमध, नागपूरला, मध्यरात्रीच्या आगेमागे उतरत. सोनेगावच्या धावपट्टीलगत टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई. मुंबईची पत्रं कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या विमानात. प्रवासीही विमान बदलत. मग पहाटे विमानं आपापल्या दिशेने उडत आणि सकाळच्या डाकेत पत्र हातात पडे. टाटांचा या योजनेला विरोध होता. रात्री उतरण्याच्या सोयी पुरेशा नसताना रोज रात्री विमानं उडवणं त्यांना पटत नव्हतं. सेवा तरीही सुरू झाली आणि १९७०च्या दशकापर्यंत चालली. ज्यांना तिची आठवण आहे ते आजही तिच्याबद्दल कौतुकाने बोलतात, आणि ते रास्तच आहे. काल टाकलेलं पत्र आज पोहोचवणारी अशी व्यवस्था जगात फार थोड्या ठिकाणी होती.

वैमानिकाच्या बाजूने ती रात्र पाहू. डकोटाचं कॉकपिट अरुंद, दोन्ही बाजूंना इंजिनांची अखंड घरघर, विमान फार उंच जात नाही म्हणून हवेचे हेलकावे. संध्याकाळी घरून निघायचं, रात्री उडायचं, नागपूरला उतरायचं, पिशव्या चढेपर्यंत थांबायचं आणि ज्या वेळी अवघा देश गाढ झोपेत आहे त्या वेळी पुन्हा हवेत जायचं. तेव्हाचा मुख्य निर्बंध होता तो विमान नियमावलीतला: सलग ३० दिवसांत १२५ तासांपेक्षा जास्त उड्डाण नको. ते तास दिवसाचे की रात्रीचे, एका खेपेत किती वेळा उतरावं लागलं, मधल्या थांब्यात पाठ टेकली की नाही, याला त्या आकड्यात जागा नव्हती. १२५ तास म्हणजे १२५ तास. रेल्वेत राजाध्यक्षांनी निदान तासांना वजन दिलं होतं. विमानात ते सरसकट मोजले जात होते.

रेल्वेत मात्र लढा थांबला नाही. १९६९मध्ये नेमलेल्या न्या. एन. एम. मियाभाई लवादाने १९७२मध्ये कंटिन्युअस कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८वर आणला. इंजिन ड्रायव्हरांचा प्रश्न वेगळाच होता: एकदा गाडीवर चढल्यावर उतरायचं कधी? १९७३मध्ये लोको रनिंग स्टाफने काम बंद केलं आणि ऑगस्टमध्ये रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांनी संसदेत साइन ऑन ते साइन ऑफ १० तासांची मर्यादा मान्य केली. पुढच्या वर्षी, ८ मे १९७४ला, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभराचा संप झाला. बोनसच्या मागणीमुळे तो लक्षात राहिला, पण आठ तासांच्या कामाचा दिवस ही त्यातली जिवाभावाची मागणी होती. मनमाड, इगतपुरी, भुसावळ ही रेल्वेवर जगणारी गावं. घरातला कमावता माणूस तुरुंगात किंवा भूमिगत असणं म्हणजे काय, ते तिथल्या चाळींनी त्या मे महिन्यात पाहिलं. संप २७ मे रोजी मागे घेतला गेला.

१९८९च्या रेल्वे कायद्यात, कलम १३३मध्ये, रनिंग स्टाफची विश्रांती लिहून ठेवली आहे: महिन्यातून चार वेळा सलग ३० तास किंवा पाच वेळा सलग २२ तास, आणि त्यात एक पूर्ण रात्र असलीच पाहिजे. ‘पूर्ण रात्र’ हे शब्द कायद्यात आले. बावीस तास मिळाले, पण ते सकाळी सहापासून पहाटे चारपर्यंत असले तर माणूस रात्रभर झोपला असं म्हणता येत नाही, हे इतक्या वर्षांच्या भांडणातून निदान मान्य झालं होतं.

विमान कंपन्यांच्या बाबतीत हे उमजायला एका डोंगरमाथ्यावरची पहाट लागली.

२१ मे २०१० रोजी रात्री एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ मंगळूरहून दुबईला गेलं. तोच क्रू भारतीय वेळेनुसार पहाटे अडीचच्या सुमारास दुबईहून परतीला निघाला. विमानात १६६ माणसं होती, बरीचशी आखातातून सुट्टीवर घरी निघालेली. कॉकपिटमधला आवाज टिपणाऱ्या यंत्रात शेवटची सुमारे १२५ मिनिटं सापडली. त्यातली पहिली १ तास ४० मिनिटं कॅप्टनचा शब्द नाही. घोरण्याचा आवाज आहे. रेडिओवर बोलत होता तो शेजारचा फर्स्ट ऑफिसर. मंगळूरचं रडार त्या वेळी बंद होतं, त्यामुळे खाली उतरायला सुरुवात उशिरा झाली आणि विमान असायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून धावपट्टीकडे आलं. फर्स्ट ऑफिसरने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं तीनदा सांगितलं. यंत्राच्या धोक्याच्या सूचना वाजत होत्या. कॅप्टनने उतरणं सोडलं नाही. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर विमानाची चाकं टेकली ती ५,२०० फूट मागे टाकल्यावर. सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी ते धावपट्टीच्या टोकावरून दरीत गेलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली.

चौकशीचं काम आलं हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे. त्यांच्या अहवालाने मुख्य कारण सांगितलं ते कॅप्टनने चुकीचा अॅप्रोच न सोडल्याचं. पण हातभार लावणाऱ्या कारणांत त्यांनी लांबलेली झोप नोंदवली आणि तिच्या पाठोपाठ येणारी बधिरताही. गाढ झोपेतून उठलेला माणूस डोळे उघडतो, बोलतो, हातही चालवतो, पण त्याचा मेंदू निवाडा करण्याच्या अवस्थेला यायला वेळ लागतो. पहाटेच्या ज्या काळात शरीराचं तापमान आणि सावधपणा तळाला असतो, नेमका त्याच काळात हे घडलं होतं. आता सगळ्यांत बोचणारी गोष्ट. त्या कॅप्टनची उड्डाणापूर्वीची विश्रांती आणि ड्युटीचे तास नियमात बसत होते. कागदावर काही चुकलं नव्हतं. माणूस झोपला होता आणि रजिस्टर जागं होतं.

ज्या नियमात ते तास बसत होते तो नियम कोणता, हेही पाहायला हवं, कारण त्याची कहाणी मुंबईच्या न्यायालयातून जाते. वैमानिकांच्या तासांबद्दल देशात १९९२चं एक परिपत्रक चालू होतं. २००७मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नवे नियम काढले. वैमानिकांच्या संघटनांना ते विश्रांतीच्या दृष्टीने बरे वाटत होते. कंपन्यांना ते परवडत नव्हते. २००८मध्ये डीजीसीएने ते स्थगित ठेवून १९९२चं परिपत्रक पुन्हा लागू केलं. संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तिथून सर्वोच्च न्यायालयात. मे २०११मध्ये, मंगळूरला एक वर्ष होत आलं असताना, सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं. म्हणजे मंगळूरचं विमान कोसळलं तेव्हा देशात अठरा वर्षांपूर्वीचा नियम चालू होता, आणि त्याच्या जागी आणलेला नियम लिहून, छापून, बाजूला ठेवलेला होता. नव्या नियमाने तो अपघात टळला असता असं कोणालाच छातीठोक सांगता येणार नाही. पण तो बाजूला का ठेवला, याचं उत्तर १९३१च्याच चालीवरचं आहे: वेळापत्रक सांभाळता येणार नाही.

नवे नियम शेवटी ११ ऑगस्ट २०११ रोजी आले. तोवर जगातही वारं बदललं होतं. १९९३मध्ये क्यूबातल्या ग्वांतानामोच्या अमेरिकी तळावर मालवाहू डीसी-८ कोसळलं, तेव्हा अमेरिकेच्या तपास मंडळाने प्रथमच क्रूचा थकवा हे अपघाताचं संभाव्य कारण म्हणून लिहिलं. १९९७मध्ये ‘नेचर’मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते. मद्यपान करून आलेल्या वैमानिकाला आपण कॉकपिटच्या दाराशी थांबवतो, त्याच्यासाठी नळी फुंकायची व्यवस्था आहे. थकलेल्यासाठी अशी नळी नाही. म्हणूनच २०११मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने थकव्याच्या जोखमीचं व्यवस्थापन ही पद्धत आपल्या मानकांत आणली. तासांची मर्यादा राहतेच. तिच्या जोडीला कंपनीने आपलं रोस्टर तपासायचं, कुठल्या जोडीला सलग पहाटेच्या ड्युट्या पडतात ते पाहायचं, वैमानिकांकडून थकव्याचे अहवाल मागवायचे आणि त्या अहवालांवरून रोस्टर बदलायचं. या सगळ्याचा जीव एका गोष्टीत आहे. “मी थकलो आहे, आज उडणार नाही” असं लिहून देणाऱ्यावर राग निघता कामा नये. वैमानिकाच्या पगाराचा एक भाग उडालेल्या तासांवर अवलंबून असतो, रेल्वे ड्रायव्हरचा किलोमीटरवर अवलंबून असतो, आणि वरिष्ठाच्या डोळ्यांत आळशी ठरायचं कोणालाच नसतं. असं असताना तो अर्ज लिहिणं किती अवघड आहे, हे ज्याने एकदा तरी नोकरी केली आहे त्याला सांगावं लागू नये.

नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या १९६४मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात मिग विमानं जुळली, पण नाशिककराला तिथून स्वतः उडायला फार वाट पाहावी लागली. २०१४मध्ये प्रवासी टर्मिनल उभं राहिलं, ‘उडान’ योजनेत सेवा आल्या आणि गेल्या, मार्च २०२३मध्ये इंडिगोची एटीआर विमानं गोवा, अहमदाबाद, नागपूरकडे जाऊ लागली. अशा छोट्या टप्प्यांच्या विमानातल्या क्रूची दमणूक वेगळी असते. एका ड्युटीत अनेकदा चढायचं, अनेकदा उतरायचं. आणि सगळ्यात जास्त लक्ष लागतं ते चढताना-उतरतानाच. नियमांतही त्यामुळे लँडिंग वाढलं की ड्युटीचे तास कमी होतात. आपण ओझरला चाळीस मिनिटं आधी पोहोचून चहा पितो, तेव्हा समोर उतरलेल्या क्रूचं ते दिवसातलं कितवं लँडिंग आहे, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

ऑगस्ट २०२३मध्ये नागपूर विमानतळावर, नागपूर–पुणे विमान घेऊन जाणारा एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि दगावला. आदल्या दिवशी त्याने पहाटे तीन ते सातच्या दरम्यान दोन टप्पे उडवले होते आणि त्यानंतर त्याला २७ तासांची विश्रांती मिळाली होती. त्याच्या मृत्यूचं कारण थकवा होतं असा निष्कर्ष कोणी काढलेला नाही आणि मीही काढणार नाही. पण त्या बातमीनंतर रोस्टर हा शब्द वैमानिकांच्या घरांबाहेर, वर्तमानपत्रांत आणि सरकारी बैठकांत पोहोचला.

जानेवारी २०२४मध्ये डीजीसीएने सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि त्यात स्थानिक वेळेनुसार दोन रात्री. रात्र म्हणजे मध्यरात्र ते पहाटे पाच अशी आधीची व्याख्या होती. ती सहापर्यंत वाढली. रात्रीच्या ड्युटीत पूर्वी सहा लँडिंगपर्यंत मुभा होती, ती दोनवर आली. सलग दोनपेक्षा जास्त रात्री नाहीत. कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याच्या अहवालांचा गोषवारा द्यायचा. पाचचे सहा केले, हा एक तासाचा बदल वरवर किरकोळ वाटतो. मंगळूरची वेळ आठवली की त्याचं वजन कळतं.

हे नियम १ जून २०२४पासून लागू व्हायचे होते. मार्चमध्येच ते पुढे ढकलले गेले. कंपन्यांचं म्हणणं, तेवढे वैमानिक नाहीत. संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२५मध्ये टप्पे ठरले: २२पैकी १५ तरतुदी १ जुलै २०२५पासून, उरलेल्या, म्हणजे रात्रीच्या कामाच्या, १ नोव्हेंबरपासून. जाहीर झाल्यापासून पावणेदोन वर्षांहून अधिक काळ तयारीला मिळाला होता.

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. देशांतर्गत वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या इंडिगोकडे नव्या नियमांत बसतील एवढे वैमानिक रोस्टरवर नव्हते. उड्डाणं रद्द होत गेली आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर गेली. मुंबई, पुणे, दिल्लीच्या टर्मिनलांत बॅगांचे ढीग लागले. लग्नाला, परीक्षेला, उपचारांना निघालेली माणसं रात्र रात्र जमिनीवर बसून राहिली. त्यांचा संताप खरा होता. पण त्या गदारोळात दोष नियमाच्या माथी मारला जात होता, आणि ते मला पटत नाही. त्याच तारखेपासून तोच नियम इतर कंपन्यांनाही लागू झाला होता.

५ डिसेंबरलाच डीजीसीएने दोन गोष्टी केल्या. इंडिगोच्या ए-३२० ताफ्याला रात्रीच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सूट दिली. आणि सगळ्याच कंपन्यांसाठी एक कलम मागे घेतलं: साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही, हे. दिसायला तांत्रिक वाटणारं हे कलम माझ्या मते सगळ्यात माणुसकीचं होतं. वैमानिकाने बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस रजा काढली, तर ते चार दिवस त्याच्या हक्काच्या रजेतून जातात. त्याच चार दिवसांत त्याची त्या आठवड्याची विश्रांतीही भागली असं रोस्टर विभागाने धरलं, की लग्नघरात चार रात्री जागून आलेला माणूस थेट पहाटेच्या ड्युटीवर उभा राहतो. विश्रांती झोपेसाठी आहे आणि रजा आयुष्यासाठी, एवढंच ते कलम म्हणत होतं. गोंधळ निवळायला ते सोडून द्यावं लागलं.

नेमका हाच मुद्दा रेल्वेत अजून भांडला जातो आहे. २०२४च्या उन्हाळ्यात लोको पायलटांच्या, म्हणजे इंजिन ड्रायव्हरांच्या, संघटनेने ४६ तासांच्या साप्ताहिक विश्रांतीसाठी आंदोलन केलं. त्यांचा हिशोब असा: मुख्यालयी ड्युटी संपवून आलेल्या माणसाला नेहमीची १६ तासांची विश्रांती मिळतेच, ती त्या ड्युटीचा शीण घालवण्यासाठी. आठवड्याचे ३० तास त्याच्या पुढे मोजा. १६ तास त्याच ३०च्या पोटात घालू नका. जोडीला दुसरी मागणी, सलग दोनपेक्षा जास्त रात्रपाळ्या नकोत. ही मर्यादा विमानाच्या कॉकपिटसाठी नियमात लिहिली गेली आहे. इगतपुरीहून मालगाडी घेऊन रात्री घाट उतरणाऱ्या माणसासाठी ती अजून मागणीपत्रातच आहे.